पांडाजमध्ये (पायथनची तक्ते हाताळायची लायब्ररी) सेट_इंडेक्स करूनही शोध रखडतो, असं का?

टपालहंशील
टपाल खात्याची पिनकोड यादी सीएसव्हीतून मेमरीत घेतली आहे. साधारण 1 लाख 55 हजार ओळी. कॉलम: कार्यालय, प्रकार, पिन, जिल्हा, राज्य. दुसरीकडे 8 लाख पत्ते आहेत. प्रत्येकात पिन आहे, त्यावरून जिल्हा भरायचा आहे.

केलं ते असं (इथला एडिटर रोमन कोडची वाट लावतो, म्हणून देवनागरीतच टंकतो, गोड मानून घ्या):

यादी = पीडी.रीड_सीएसव्ही('पिन.सीएसव्ही', डीटाइप=एसटीआर)
यादी = यादी.सेट_इंडेक्स('पिन')
फॉर प इन पत्ते['पिन']:
    जिल्हा = यादी.लॉक[प, 'जिल्हा']

तासाहून जास्त चालतं. सेट_इंडेक्स काढून साधं यादी[यादी['पिन'] == प] केलं तरी वेळ जवळपास तेवढाच. मग इंडेक्स लावला काय आणि न लावला काय! आत हॅश टेबल (किल्ली दिली की थेट जागा सांगणारी रचना) असतं म्हणतात, ते गेलं कुठे? की सरळ एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर जावं? 'लूप वापरू नका' एवढंच उत्तर नको, हे कशामुळे होतंय ते हवं.

तुळशीबागवाला
रुमाल टाकून ठेवतो.

कीस_पाडू
हॅश टेबल जाग्यावर आहे, तुमच्या वाट्याला येत नाही एवढंच. कारण तुमची किल्ली, म्हणजे पिन, एकमेव नाही. एका पिनखाली एक मुख्य किंवा उपकार्यालय आणि त्याच्या हाताखालच्या शाखा असतात. देशात पिन 19 हजारांच्या आसपास आणि कार्यालयं दीड लाखावर, म्हणजे पिनमागे सरासरी आठ ओळी.

लॉकला (लोकेशनमधलं लॉक, कुलूप नव्हे) एक लेबल दिलं की आत तीन वाटा फुटतात.

इंडेक्समध्ये एकही किल्ली दुबार नसेल तर हॅश टेबल. ओळी हजार असोत की लाख, शोधाचा वेळ सारखाच.

किल्ल्या दुबार आहेत पण इंडेक्स चढत्या क्रमाने लावलेला आहे, तर बायनरी सर्च. डावी कड शोधायची, उजवी कड शोधायची, मधला तुकडा उचलायचा. दीड लाख ओळींना एका कडेला फार तर 18 तुलना.

किल्ल्या दुबार आणि क्रमही नाही, तर अख्खा इंडेक्स वरपासून खालपर्यंत तपासायचा. प्रत्येक शोधाला 1 लाख 55 हजार तुलना. तुम्ही नेमके इथे आहात. म्हणून तर == वाल्या फिल्टरइतकाच वेळ लागतो, दोघेही तेच काम करतात. त्यात तुमच्या किल्ल्या स्ट्रिंग, म्हणजे प्रत्येक तुलनेला पायथनचा ऑब्जेक्ट हाताळायचा. एका शोधाला पाचेक मिलिसेकंद धरा. 8 लाखांनी गुणा, 4,000 सेकंद. तुमचा तास इथे गेला.

खात्री करायला दोन ओळी पुरे:

यादी.इंडेक्स.इज_युनिक
यादी.इंडेक्स.इज_मोनोटॉनिक_इन्क्रीजिंग

दोन्ही फॉल्स आले की समजा तिसरी वाट. सेट_इंडेक्सनंतर .सॉर्ट_इंडेक्स() जोडा, मग वेळ मोजून इथे टाका.

अर्धवट_ज्ञानी
हे कुठे लिहिलेलं असतं? सेट_इंडेक्सने निदान एखादी वॉर्निंग तरी द्यावी की.

कीस_पाडू
साध्या इंडेक्सला देत नाही. मल्टीइंडेक्सला, म्हणजे दोन-तीन पदरी किल्लीच्या इंडेक्सला, देतं, 'लेक्ससॉर्टच्या खोलीपलीकडे शोधताय, वेळ लागेल' अशा अर्थाची परफॉर्मन्सवॉर्निंग. लोक ती बघतात आणि वॉर्निंग बंद करायची ओळ शोधायला निघतात.

सी_प्लस_काकू
कीस_पाडूंचं निदान बरोबर, औषध अर्धं. सॉर्ट करून तिसऱ्या वाटेवरून दुसरीवर आलात, पण मुळात लॉक हे एकेक ओळ उचलायचं हत्यारच नाही. अगदी एकमेव किल्ली आणि तयार हॅश टेबल असलं तरी एका लॉकला दहा-वीस मायक्रोसेकंद जातात. ते शोधण्यात जात नाहीत. तुम्ही दिलेलं लेबल आहे, स्लाइस आहे, लिस्ट आहे की बूलियन, हे ठरवण्यात आणि परत द्यायचा ऑब्जेक्ट बांधण्यात जातात. पूर्ण ओळ मागितलीत, म्हणजे नुसतं लॉक[प], तर आणखी महाग, कारण वेगवेगळ्या प्रकारचे कॉलम एका सिरीजमध्ये कोंबायला सगळ्यांना ऑब्जेक्ट करावं लागतं. एकच मूल्य हवं असेल तर .ॲट थोडं हलकं, पण किल्ली दुबार असली की तेही आतून लॉककडेच जातं.

साध्या डिक्शनरीला याच कामाला मायक्रोसेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. म्हणून लूपच चालवायचा असेल तर डिक्ट करा. पांडाज वापरायचं असेल तर 8 लाख प्रश्न एकदम विचारा:

जिल्हे = यादी.रीसेट_इंडेक्स().ड्रॉप_डुप्लिकेट्स('पिन').सेट_इंडेक्स('पिन')['जिल्हा']
पत्ते['जिल्हा'] = पत्ते['पिन'].मॅप(जिल्हे)

सेकंदाच्या आतबाहेर काम होतं.

तुळशीबागवाला
काकू, धागाकर्त्याने आधीच लिहिलंय की 'लूप वापरू नका' हे उत्तर नको :)

सी_प्लस_काकू
नको म्हटलं म्हणून बदलत नाही ना ते.

मोडी_वाचक
अवांतर: पांडाज हे नाव 'पॅनेल डेटा'वरून आलंय, त्या काळ्यापांढऱ्या प्राण्याशी संबंध नाही. मला मात्र ते तीर्थक्षेत्रीच्या पंड्यांवरून आलं असावं असंच वाटतं. त्र्यंबकला जा, गाव सांगा, आडनाव सांगा, गुरुजी बरोब्बर ती वही काढून पणजोबाची सही दाखवतात. गाव आणि आडनाव अशी दुपदरी किल्ली, वह्या गावाच्या क्रमाने लावलेल्या. वह्यांचा क्रम मोडला तर गुरुजींनाही तिसरी वाट!

कीस_पाडू
@मोडी_वाचक, आणि 'देशपांडे' एवढंच सांगितलं, गाव सांगितलं नाही, तर सगळ्या वह्या चाळाव्या लागतात. मल्टीइंडेक्सचा नियम तोच. जिल्हा, तालुका, गाव अशी तीन पदरी किल्ली लावली तर पहिल्या पदरापासून विचारलं की क्रमाचा फायदा मिळतो. नुसतं गाव विचारायचं तर .एक्सएस(गाव, लेव्हल='गाव') चालतं, पण ते सगळं चाळूनच. आणि सॉर्ट न केलेल्या मल्टीइंडेक्सवर स्लाइस मागितला तर वॉर्निंगवर भागत नाही, अनसॉर्टेडइंडेक्सएरर येते.

टपालहंशील
सॉर्ट_इंडेक्स जोडलं. तासावरून अर्ध्या मिनिटाच्या आसपास आलं! पण नवीन भानगड. काही पिनला जिल्हा स्ट्रिंग म्हणून येतो, काहींना अख्खी सिरीज येते. पुढे इफ जिल्हा == 'पुणे' लिहिलंय, तिथे 'ट्रुथ व्हॅल्यू अँबिग्युअस' म्हणून व्हॅल्यूएरर.

कीस_पाडू
ती भानगड आधीही होतीच. ज्या पिनखाली एकच ओळ आहे त्याचं मूल्य सुटं येतं, जास्त असतील तर सिरीज. परतीचा प्रकार डेटावर ठरतो, हा लॉकचा सगळ्यात वाईट गुण. चाचणीला घेतलेल्या दहा पिनांत सगळे एकेरी निघाले तर कोड निर्धोक वाटतो आणि खऱ्या डेटावर आडवा होतो.

नेहमी एकाच प्रकारचं उत्तर हवं असेल तर लेबल लिस्टमध्ये घाला: यादी.लॉक[[प]]. मग एक ओळ असो की बारा, डेटाफ्रेमच मिळतो.

आणि किल्ली एकमेव असायला हवी अशी अपेक्षा असेल तर ती कोडमध्ये लिहा. सेट_इंडेक्स('पिन', व्हेरिफाय_इंटिग्रिटी=ट्रू). दुबार किल्ली असेल तर तिथल्या तिथे व्हॅल्यूएरर, कोणत्या किल्ल्या दुबार तेही छापतं. बँकेच्या आयएफएससी यादीला हे जरूर लावा. तिथे 11 अक्षरी कोड प्रत्येक शाखेचा वेगळा असायलाच हवा, दुबार निघाला तर फाइलच दोनदा जोडली गेलीय असं समजायचं. जाता जाता: आयएफएससीचं पाचवं अक्षर कायम शून्य असतं. हाताने भरलेल्या डेटात तिथे हमखास इंग्रजी 'ओ' सापडतो, आणि लॉक म्हणतं कीएरर.

आरभाट
हा सगळा खटाटोप बघून आर भाषावाल्यांच्या वतीने नम्र निवेदन. तिकडे डेटा.टेबल पॅकेजात सेटकी(यादी, पिन) म्हटलं की टेबल मेमरीत जागच्या जागी पिनच्या क्रमाने लावलं जातं, प्रत होत नाही, आणि पुढचा प्रत्येक शोध बायनरी सर्च. दुबार किल्ल्या असल्या तरी वाट एकच. पहिलीच ओळ हवी तर मल्ट='फर्स्ट' द्यायचं. ओळींचा क्रम हलवायचा नसेल तर सेटइंडेक्स, त्यात फक्त क्रमाची यादी बाजूला ठेवली जाते. कोणत्या वाटेने गेलो याचा अंदाज बांधत बसावा लागत नाही.

अस्वल_प्रेमी
पोलार्स या पांडाजसारख्याच लायब्ररीने इंडेक्स ही चीजच ठेवली नाही. जोडायचं तर जॉइन, शोधायचं तर फिल्टर. त्यामुळे 'माझा पिन कॉलम कुठे गायब झाला' हा प्रश्नच येत नाही. पांडाजमध्ये सेट_इंडेक्स केलं की कॉलम कॉलमांतून उठून इंडेक्सात जाऊन बसतो, निम्मी जनता तिथेच अडकते.

सी_प्लस_काकू
इंडेक्स नाही म्हणजे शोधाचा खर्च नाही असं नव्हे, अस्वलभाऊ. जॉइन करताना हॅश टेबल बांधलं जातंच, काम झालं की टाकून दिलं जातं. एकदाच आठ लाख जोडायचे असतील तर उत्तम. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरवर एकेक पिन येत असेल तर दर वेळी फिल्टर म्हणजे पुन्हा अख्खी यादी.

दोन-तीन किल्ल्यांनी तेच रेकॉर्ड शोधायचं असेल, पिनने, कार्यालयाच्या नावाने आणि जिल्ह्याने, तर सी++मध्ये बूस्ट लायब्ररीचं मल्टीइंडेक्स आहे. पांडाजच्या मल्टीइंडेक्सशी फक्त नावाचा संबंध. रेकॉर्ड एकदाच साठवतं आणि त्यावर हवे तेवढे इंडेक्स: एक हॅश्ड युनिक, एक ऑर्डर्ड नॉन-युनिक, असे. एक खड्डा मात्र लक्षात ठेवा. किल्लीचं फील्ड बदलायचं तर मॉडिफाय वापरतात. बदललेली किल्ली एखाद्या युनिक इंडेक्समध्ये आधीच असेल तर मॉडिफाय फॉल्स परत देतं आणि *ते रेकॉर्ड टेबलातून काढून टाकतं*. जुनं मूल्य परत बसत नाही. परतीचं मूल्य न तपासणाऱ्या कोडमधून रेकॉर्ड अशीच गळतात, एरर नाही, काही नाही. रोलबॅक फंक्शन घेणारा मॉडिफायचा दुसरा अवतार वापरा किंवा रिप्लेस वापरा. रिप्लेस जमलं नाही तर मूळ रेकॉर्ड जसंच्या तसं राहतं. त्याला प्रतीचा खर्च येतो, तो सोसावा.

दूरध्वनी
एर्लांग भाषेचं ईटीएस, म्हणजे मेमरीतली टेबलं, राहिलं की. सेट, ऑर्डर्ड_सेट, बॅग, डुप्लिकेट_बॅग असे चार प्रकार, टेबल बनवतानाच ठरवायचं. पिनला बॅग. तिथले खड्डे वेगळे:

लुकअप केलं की रेकॉर्डची प्रत तुमच्या प्रोसेसमध्ये येते. मोठं रेकॉर्ड असेल आणि त्यातलं एकच फील्ड हवं असेल तर लुकअप_एलिमेंट वापरा.

टेबल ज्या प्रोसेसने बनवलं ती मेली की टेबलही गेलं. एअर, म्हणजे वारस, नेमला असेल तरच ते त्याच्याकडे जातं.

आणि सेटला 1 आणि 1.0 या दोन किल्ल्या, ऑर्डर्ड_सेटला एकच. प्रकार बदलला आणि ओळी कमी झाल्या, तर आधी इथे बघा.

तुळशीबागवाला
धाग्याचं पार गोपाळकाला केलंत. कुणी मूळ प्रश्नाकडे येणार का?

टपालहंशील
उलट चालू द्या, कामाचं निघतंय. काकूंचं मॅप केलं. वेळ सेकंदभर. पण ड्रॉप_डुप्लिकेट्सने आठांतली कुठली ओळ राहिली? एका पिनखालच्या शाखा दोन जिल्ह्यांत असू शकतात ना?

कीस_पाडू
असू शकतात, हद्दीवर असतात. म्हणून 'पहिली येईल ती' हे धोरण चालत नाही. मुख्य किंवा उपकार्यालयाची ओळ ठेवायची, शाखांची सोडायची. त्यासाठी आधी प्रकारावर सॉर्ट करून मग ड्रॉप_डुप्लिकेट्स. आता गंमत. प्रकाराच्या कॉलमात बीओ (शाखा), एचओ (मुख्य), एसओ (उपकार्यालय) अशी रोमन अक्षरं असतात. वर्णक्रमाने लावलं तर बीओ, म्हणजे शाखाच, सगळ्यांच्या वर येते! नेमकी उलटी निवड. क्रम स्वतः सांगा:

क्रम = पीडी.कॅटेगोरिकलडीटाइप(['एचओ', 'एसओ', 'बीओ'], ऑर्डर्ड=ट्रू)
यादी['प्रकार'] = यादी['प्रकार'].ॲझटाइप(क्रम)
यादी = यादी.सॉर्ट_व्हॅल्यूज(['पिन', 'प्रकार'])

काही फाइलींत एसओच्या जागी पीओ असतं. यादीत नसलेला प्रकार गुपचूप रिकामा होतो, म्हणून आधी .युनिक() छापून बघा.

सी_प्लस_काकू
बरोबर. आणि ड्रॉप_डुप्लिकेट्स विसरून थेट मर्ज केलं तर काय होतं तेही सांगून ठेवते. 8 लाख पत्ते, पिनमागे सरासरी आठ ओळी, म्हणजे हातात साठ-पासष्ट लाख ओळी. एरर येत नाही. महिनाअखेरीस कुणीतरी विचारतं, ग्राहक अचानक आठपट कसे झाले. मर्जला व्हॅलिडेट='मेनी_टू_वन' द्यायची सवय लावा, उजवीकडे दुबार किल्ली दिसली की मर्जएरर येऊन तिथेच थांबतं. सोबत इंडिकेटर=ट्रू द्या, मग कोणता पत्ता जुळला आणि कोणता फक्त डावीकडेच राहिला ते वेगळ्या कॉलमात दिसतं. मॅपमध्ये ही सोय नाही. सिरीजचा इंडेक्स दुबार असेल तर मॅप इनव्हॅलिडइंडेक्सएरर देतं एवढं बरं, पण न जुळलेल्याला नुसतं एनएएन, म्हणजे रिकामं.

अर्धवट_ज्ञानी
पिन स्ट्रिंग ठेवायचा की इंट? आमच्याकडे 'कोड म्हणजे कायम स्ट्रिंग' असा नियम आहे.

कीस_पाडू
नियम चांगला, कारणासकट पाळला तर. जीएसटीचा राज्य कोड, महाराष्ट्र 27, गोवा 30, तिथे स्ट्रिंगच हवी, कारण दिल्ली 07 आणि राजस्थान 08 आहे. इंट केलं की दिल्लीचा नुसता 7 उरतो. पिन कधीच शून्याने सुरू होत नाही आणि कायम सहा आकडी, म्हणून इंटला हरकत नाही. 999999 इंट32मध्ये आरामात बसतो, आणि पांडाज 2.0पासून इंडेक्सही इंट32 राहू शकतो, त्याआधी गुपचूप इंट64 व्हायचा. मेमरीचा हिशेब: इंट32ला ओळीमागे 4 बाइट. सहा आकडी पायथन स्ट्रिंगला 3.12मध्ये 47 बाइट, त्याआधीच्या आवृत्त्यांत 55, शिवाय तिच्याकडे बोट दाखवणारा 8 बाइटचा पॉइंटर.

दुसरा फायदा स्लाइसचा. इंडेक्स क्रमाने असेल तर

यादी.लॉक[411000:411999]

म्हणजे 411ने सुरू होणारं सगळं पुणे. 411000 असा पिन यादीत नसला तरी चालतं, फक्त इंडेक्स सॉर्ट केलेला हवा. नसेल तर कीएरर. आणि लॉकच्या स्लाइसमध्ये शेवटचं टोकही धरलं जातं, ओळीच्या क्रमांकाने उचलणाऱ्या आयलॉकमध्ये धरलं जात नाही.

आरभाट
403000 ते 403999 केलं की अख्खं गोवा राज्य एका स्लाइसमध्ये.

तुळशीबागवाला
वेबवाल्यांना 403 म्हणजे प्रवेश निषिद्ध. बरोबरच आहे, प्लॅन तर कायम रद्दच होतो.

अस्वल_प्रेमी
इंटचा एक तोटा कुणीच सांगितला नाही. पत्त्यांच्या बाजूला एक जरी पिन रिकामा असला तर अख्खा कॉलम फ्लोट होतो, 411030चा 411030.0. मग कुणीतरी त्याची स्ट्रिंग करतो, आणि '411030.0' कशालाच जुळत नाही. मोठ्या आयचा 'इंट64' वापरा, रिकाम्या जागा धरून इंटच राहतो.

मोडी_वाचक
पिनचं ठीक आहे, खरी मजा गावाचं नाव किल्ली केलं की सुरू होते. कऱ्हाड घ्या. हा 'ऱ्ह' टंकायच्या तीन तऱ्हा आहेत: ऱ हे एकसंध अक्षर (यू+0931) आणि हलंत, साधा र, खाली नुक्ता (यू+093सी) आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक (यू+200डी). पडद्यावर तिन्ही सारखे. हॅश टेबलसाठी तीन वेगळी गावं. इज_युनिक ट्रू येतं, तुम्ही खूश, आणि मर्जमध्ये निम्मं कऱ्हाड डावीकडेच राहतं.

युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ('एनएफसी', नाव) केलं तर पहिल्या दोन तऱ्हा एक होतात. तिसरी होत नाही. ती हाताने बदलावी लागते: 'र, हलंत, झेडडब्ल्यूजे' हा तिकडा शोधून 'ऱ, हलंत' घाला. नुसता झेडडब्ल्यूजे उडवू नका, नाहीतर कऱ्हाडचं कर्हाड होईल आणि ते चौथंच गाव.

.एसटीआर.स्ट्रिप()ने सगळं साफ होतं हाही गैरसमज. एक्सेलमधून आलेली न तुटणारी जागा (यू+00ए0) ते काढतं. शून्य रुंदीची जागा (यू+200बी) काढत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती जागाच नाही.

बाकी बुद्रुक, बु., बु॥ आणि खुर्द, खु. हे यंत्राच्या आवाक्यातलं नाही, त्याची बदलयादी हाताने करावी लागते. आणि वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावं किती तालुक्यांत आहेत ते मोजायला बसू नका. नावाला किल्ली करूच नका, जनगणनेचा सहा आकडी गाव कोड मिळत असेल तर तो घ्या.

सी_प्लस_काकू
हे सगळं सेट_इंडेक्सच्या *आधी* करायचं हे ठळक लिहा. इंडेक्स बदलता येत नाही, नवाच बांधावा लागतो.

कीस_पाडू
त्यावरून एक. हॅश टेबल सेट_इंडेक्सच्या वेळी बांधलं जात नाही, पहिल्या शोधाला बांधलं जातं. म्हणून पहिला लॉक हळू आणि पुढचे झटपट. एकाच शोधाची वेळ मोजून निष्कर्ष काढू नका. आणि ते त्या इंडेक्स ऑब्जेक्टला चिकटलेलं असतं. लूपमध्ये यादी[यादी['राज्य'] == 'गोवा'].लॉक[प] लिहिलं तर दर फेरीला नवा डेटाफ्रेम, नवा इंडेक्स. ओळी भरत असाल तर लिस्टमध्ये गोळा करून शेवटी एकदाच डेटाफ्रेम करा. लूपमध्ये यादी.लॉक[नवा] = ... म्हणजे प्रत्येक ओळीला सगळं पुन्हा कॉपी. 2.0मध्ये अपेंड काढून टाकलं ते याच पापासाठी.

बारीक तळटीप: 10 लाखांहून मोठा इंडेक्स क्रमाने लावलेला असेल तर किल्ल्या एकमेव असूनही पांडाज हॅश टेबल न बांधता बायनरी सर्चनेच जातं. मेमरी वाचवायला मुद्दाम तसं ठेवलंय, बिघाड नव्हे.

अर्धवट_ज्ञानी
प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (काकूंनी वर तेच लिहिलंय.)

दूरध्वनी
एसक्यूलाइटचं कुणी बोललंच नाही, धागाकर्त्याने विचारलं होतं.

सी_प्लस_काकू
खरंय. पिनने, नावाने आणि जिल्ह्याने, तिन्ही बाजूंनी शोधायचं असेल आणि बूस्ट नको असेल तर एसक्यूलाइट ':मेमरी:' उत्तम. क्रिएट इंडेक्स तीनदा, झालं. तीन गोष्टी सांभाळा. प्रत्येक कनेक्शनला स्वतःचं वेगळं ':मेमरी:' मिळतं, एकात भरलेलं टेबल दुसऱ्याला दिसत नाही. ओळी भरताना एक्झिक्यूटमेनी, तेही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आणि कॉलमला टेक्स्ट किंवा इंटीजर असा प्रकार नक्की द्या. प्रकाराविना ठेवलात तर '411030' आणि 411030 या दोन वेगळ्या किल्ल्या. इंडेक्स वापरला जातोय का हे एक्सप्लेन क्वेरी प्लॅनने बघा. 'सर्च' दिसलं तर ठीक, 'स्कॅन' दिसलं तर तुमची तिसरी वाट तिथेही आली.

या कामाला मात्र मर्ज पुरे.

टपालहंशील
प्रकाराचा क्रम, ड्रॉप_डुप्लिकेट्स, मर्ज, व्हॅलिडेट, इंडिकेटर, सगळं लावलं. काही पत्ते 'लेफ्ट_ओन्ली' राहिले आहेत. थोडे '411 030' असे मध्ये जागा असलेले, ते कळलं. काही '४११०३०' असे देवनागरी आकड्यांत. आणि बरेच 9ने सुरू होणारे, ते यादीतच सापडत नाहीत. यादी जुनी आहे का?

मोडी_वाचक
देवनागरी आकड्यांना घाबरू नका. पायथनचा इंट() ते थेट वाचतो, इंट('४११०३०') म्हणजे 411030च. स्ट्रिंग म्हणून मात्र ती वेगळी किल्ली. रीप्लेसने मधली जागा काढा आणि .मॅप(इंट) करा. रिकामे आधी बाजूला काढा, इंट() रिकाम्यावर अडतो.

कीस_पाडू
9ने सुरू होणारे पिन लष्करी टपालाचे. पत्त्यात '56 एपीओ' किंवा '99 एपीओ' दिसेल बघा. ते नागरी यादीत असणारच नाहीत, यादी नवी आणली तरी. त्यांना जिल्हा नसतो, ओढूनताणून लावू नका. 'प // 100000 == 9' वर वेगळा झेंडा लावा आणि जिल्हा रिकामा सोडा.

अस्वल_प्रेमी
आणि जिल्हा नावाऐवजी कोडने भरत असाल तर तो रिकामा सोडल्या सोडल्या कॉलम फ्लोट होईल. वर लिहिलंय, मोठ्या आयचा.